फ्लोट चेंबरमधला गाळ

जुनी मोटारसायकल सुरू होत नाही म्हणून गॅरेजात आली, तर मुरलेला मेकॅनिक लगेच पाना घेऊन कार्बोरेटर उतरवत नाही. आधी तो बुडाशी असलेला ड्रेन स्क्रू सैल करतो आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवून घेतो. बाटली उजेडात धरली की पुष्कळ काही कळतं. तळाशी पाण्याचे गोल थेंब लोळत असले, तर टाकीत पाणी शिरलंय. तांबूस भुकटी दिसली, तर टाकी आतून गंजलीय. पिवळट, डिंकासारखं चिकट काही ओघळलं, तर गाडी कित्येक महिने जागची हललेली नाही. आणि बाटलीत थेंबही उतरला नाही, तर दोष वर कुठेतरी, पेट्रोल कॉकमध्ये, नळीत किंवा टाकीच्या झाकणात शोधायचा. झाकणाचं हवेचं बारीक छिद्र बुजलं तरी गाडी दोन-चार किलोमीटरवर गचके खात बंद पडते, झाकण उघडलं की ‘फुस्स’ होतं आणि पुन्हा पहिल्या किकला चालू होते. या एका छिद्रापायी किती लोकांनी विनाकारण नवे कार्बोरेटर विकत घेतले असतील, कोण जाणे.

या गाळालाही इतिहास आहे. कार्बोरेटरची मूळ रचना शंभर वर्षांत फारशी बदलली नाही. बदलत गेलं ते त्यात उतरणारं पेट्रोल, आणि त्याबरोबर बिघाडही बदलले. भारतातल्या दुचाकी मेकॅनिकची विद्या घडली ती या बदलत्या पेट्रोलवर.

सुरुवात युरोपातली. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची दुचाकी चालवली, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा फिरवून जेवढी वाफ मिळेल तेवढ्यावर काम भागवलं होतं. उन्हाळ्यात एक, थंडीत दुसरं, अशी तऱ्हा. १८९३ मध्ये मायबाखने तुषार उडवणारा कार्बोरेटर केला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तशाच कल्पनेचं पेटंट घेतलं. तत्त्व सोपं आहे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि खालच्या भांड्यातलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढलं जाऊन त्याचे तुषार उडतात. भांड्यातली पातळी मात्र कायम राहिली पाहिजे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल-कॉक जे काम करतो, तेच इथे फ्लोट करतो: पातळी चढली की सुई वर जाऊन वाट बंद. सुईचं निमुळतं टोक झिजलं किंवा त्यावर कचऱ्याचा एक कण अडकला की पेट्रोल थांबतच नाही, ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर ठिबकत राहतं.

भारतीय रस्त्यावर ही विद्या ज्या यंत्रावर शिकली गेली, ते बर्मिंगहॅमचं. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कंपन्या १९२७ मध्ये एकत्र येऊन त्यांची ‘अमल’ झाली आणि पुढची चाळीसेक वर्षं ब्रिटिश मोटारसायकल म्हणजे अमल कार्बोरेटर असं समीकरण होतं. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिच्या ३५० सीसी बुलेटवर बसला तो अमलचा मोनोब्लॉक. त्याला टिकलर नावाचं एक छोटं बटण असे. ते दाबलं की फ्लोट खाली ढकलला जाई आणि भांडं मुद्दाम गरजेपेक्षा जास्त भरे, म्हणजे थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळे. बोटाला पेट्रोलचा ओलावा लागेपर्यंत दाबायचं, मग किक. उतावळा माणूस दाबतच राही. मग प्लग भिजे, आणि किक मारून मारून पाय दुखला तरी इंजिन ढिम्म. त्यावरचा इलाज सगळ्या बुलेटवाल्यांना पाठ असे: प्लग काढून पुसायचा, कॉक बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून आठ-दहा किका मारायच्या, आत साचलेलं पेट्रोल बाहेर फेकून द्यायचं आणि मग पहिल्यापासून सुरुवात.

त्या काळच्या बाटलीत सर्वांत जास्त सापडायचा तो गंज. पत्र्याच्या टाक्या, दमट हवा आणि वर्षानुवर्षं चालवली जाणारी गाडी. त्यात कॉकची रचना अशी की मेनची नळी टाकीत उंच असते आणि रिझर्व्हचं तोंड तळाशी. गाडी रिझर्व्हला लागली की तळाचा सगळा गंज आणि पाणी कार्बोरेटरकडे चालू लागतं. म्हणूनच ‘काल रिझर्व्हला लागली आणि आज बंद पडली’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून आलं की जुना मेकॅनिक पुढचे प्रश्न विचारत नसे.

मग आल्या टू-स्ट्रोक गाड्या. मुंबईच्या इराणी कुटुंबाने मैसूरमध्ये आयडियल जावा काढली, १९६०च्या दशकाच्या आरंभी जावा रस्त्यावर आली आणि पुढे तिचंच येझ्दी झालं. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूतही त्याच सुमाराची. या गाड्यांचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. पंपावर ‘ऑईल किती?’ हा प्रश्न ठरलेला. पोऱ्या मापाने तेल ओते आणि गिऱ्हाईक गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून ते मिसळून घेई. पण गाडी आठवडाभर उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जाई आणि मागे उरे नुसतं तेल. स्लो जेटचं, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या पितळी तोटीचं, छिद्र त्याने बुजे. जावावाले यावर एक सवय लावून घेत: घर दोन गल्ल्या राहिलं की कॉक बंद करायचा आणि भांड्यातलं उरलेलं पेट्रोल जाळत दारात पोहोचायचं. चुकून अंदाज फसला तर शेवटची पन्नास पावलं गाडी ढकलत नेण्याची नामुष्की.

स्कूटरवाल्यांची तऱ्हा निराळी. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि तिच्यासाठी लोक अनेक वर्षं नंबर लावून बसले. तिला सकाळी आडवी झुकवून मग किक मारण्याचं दृश्य महाराष्ट्राच्या कुठल्याही गल्लीला परकं नव्हतं. त्याला अंधश्रद्धा समजून हसणारे पुष्कळ भेटतात. पण स्कूटर झुकवली की फ्लोट आपली जागा सोडतो, सुई मोकळी होते आणि जास्तीचं पेट्रोल आत उतरतं. बुलेटचा टिकलर जे बटणाने करी, तेच लोक अख्खी स्कूटर झुकवून करत होते. ज्यांनी ही युक्ती शोधली त्यांना कार्बोरेटरचं चित्र कुणी दाखवलं नव्हतं.

परवाना राजवटीने या व्यवसायाला आणखी एक वळण दिलं. नवी गाडी मिळत नसे, आयात सुटा भाग परवडत नसे, म्हणून बदलण्यापेक्षा जुनंच वापरात ठेवण्याकडे कल. झिजलेली सुई घासून बसवली जाई, फुटलेला पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहून डाख दिला जाई. गॅस्केट नाही मिळालं तर जाड कागदावर कार्बोरेटरचं तोंड दाबून ठसा घ्यायचा आणि कात्रीने कापायचं. गॅरेजात नवा आलेला पोऱ्या आधी कित्येक महिने फक्त पेट्रोलमध्ये कार्बोरेटर धुवे. त्या धुण्यातच त्याला कळे की कोणत्या गाडीत काय साचतं. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांचा जो बाजार वाढला, त्यालाही या दुरुस्तीच्या संस्कृतीचाच टेकू होता. आजही तिथे बंद पडलेल्या गाड्यांचे जेट, सुया आणि गॅस्केटचे संच शोधत लोक फिरताना दिसतात.

१९८५च्या आसपास चित्र बदललं. जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून हलक्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, बजाजची कावासाकी आणि हिरो होंडाची सीडी १००. शेवटच्या गाडीची जाहिरात होती ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ज्या देशात पेट्रोल भरल्यावर तेल ओतणं, टाकी हलवणं, टिकलर दाबणं आणि कॉक बंद करणं हे नित्यकर्म होतं, तिथे ‘भरा आणि विसरा’ म्हणणं हा साधा दावा नव्हता. फोर-स्ट्रोक इंजिन, तेल वेगळं, केहीनचा नीटस छोटा कार्बोरेटर. आरएक्स १००ला तेलाची वेगळी टाकी होती आणि कार्बोरेटर मिकुनीचा. गंमत अशी की मिकुनी ही जपानी कंपनी सुरुवातीला अमलच्याच परवान्यावर कार्बोरेटर बनवत होती. म्हणजे बर्मिंगहॅमची विद्या टोकियोमार्गे परत भारतात आली. पुढे चेन्नईची युकल कंपनी मिकुनीच्या सहकार्याने ते इथेच बनवू लागली.

या जपानी कार्बोरेटरांमुळे बिघाड शोधण्याची एक शिस्तही रुजली, आणि ती गॅरेजांतून तोंडी पसरली. ॲक्सिलरेटर किती उघडल्यावर गाडी कुरकुरते, यावरून दोष कुठे आहे ते ठरवायचं. चोक ओढल्याशिवाय आयडलिंगवर थांबत नसेल, तर स्लो जेट बुजलाय. मधल्या टप्प्यात मिसिंग मारत असेल, तर नीडल आणि तिची क्लिप पाहायची. अर्ध्यापर्यंत छान पळते आणि पुढे जोर सापडत नाही, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी. यातलं काहीच नाही आणि आयडलिंग आपोआप चढतंय, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला चीर पडून बाहेरची हवा शिरतेय. शेवटी प्लगचा रंग: बदामी म्हणजे ठीक, काजळी धरलेला म्हणजे मिश्रण दाट, पांढराफटक म्हणजे पातळ. राजदूत ३५० ला दोन कार्बोरेटर होते, म्हणून तिथे आणखी एक कसब लागे: दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून कोणत्या बाजूची फुंकर कमी आहे ते जोखायचं आणि दोन्ही केबल जुळवायच्या.

छिद्रं किती बारीक असतात, हे एकदा लक्षात घेतलं पाहिजे. केहीनच्या ३८ नंबरच्या स्लो जेटचं छिद्र ०.३८ मिलिमीटरच्या आसपास असतं. केसाच्या चार-पाच पट जाडीएवढं. वाळलेल्या पेट्रोलचा एक कण त्याला पुरतो.

याच काळात भारतीय गिऱ्हाइकाचा एक प्रश्न सार्वत्रिक झाला: ‘ॲव्हरेज किती देते?’ त्यापायी मेकॅनिकांनी सलाईनची रिकामी बाटली कामाला लावली. बाटलीत मोजून १०० मिलिलिटर पेट्रोल, नळी थेट कार्बोरेटरला, बाटली हँडलला टांगलेली. गाडी बंद पडेल तिथे मीटर बघायचा आणि दहाने गुणायचं. पद्धत बिनचूक आहे. पण आकडा वाढवण्यासाठी नीडल खाली आणि एअर स्क्रू बाहेर काढून मिश्रण पातळ करण्याची जी खोड लागली, तिने कित्येक पिस्टन अकाली झिजवले. लिटरमागे तीन किलोमीटर वाचवून सिलिंडरचं बोअरिंग करणं हा व्यवहार आतबट्ट्याचा होता, आणि हे माहीत असूनही गिऱ्हाईक खूश करण्यासाठी तो होत राहिला.

त्या दशकांचा सर्वांत मोठा बिघाड मात्र कार्बोरेटरमध्ये नव्हताच. तो पंपावरच्या टाकीत होता. रेशनवरचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, आणि दोघांच्या भावातली दरी म्हणजे भेसळीचं आमंत्रण. रॉकेलला निळा रंग दिला गेला, पण भेसळ थांबली नाही. रॉकेल लवकर उडत नाही, म्हणून थंड इंजिन चालू होईना. प्लगवर काजळी साचे, चढावर इंजिन खडखडे. मेकॅनिक कार्बोरेटर धुऊन देई आणि चार दिवसांनी गाडी परत येई. शहाणा मेकॅनिक मग कार्बोरेटर न खोलता पंप बदलायला सांगे. फिल्टर पेपरची चाचणी त्याच काळात लोकांना माहीत झाली: पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला की उडून जातो, भेसळीचा डाग उरतो. पंपावर ग्राहकाने मागितला तर फिल्टर पेपर द्यावा लागतो, हा नियम आजही आहे आणि तो मागणारे आजही थोडेच. भेसळीमागचा पैसा किती मोठा होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडताना भेसळखोरांनी भर दिवसा जिवंत जाळलं. गॅरेजातल्या बाटलीत दिसणाऱ्या निळसर झाकेच्या दुसऱ्या टोकाला हे होतं.

फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. हवेसाठी ते उत्तमच झालं. प्लगचा रंग वाचणाऱ्या जुन्या डोळ्यांना मात्र सवय बदलावी लागली, कारण शिशाच्या काळातली ती ओळखीची छटा आता दिसेना.

कार्बोरेटरची जागा घेणाऱ्या इंजेक्शनची चाहूल त्यानंतर लागली. हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमरला फ्यूएल इंजेक्शन बसवलं. २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० इंजेक्शनसह आली. आणि दोनच वर्षांत, २००९ मध्ये, तीच पल्सर कार्बोरेटरवर परतली. किंमत खाली आली, वेग कायम राहिला आणि गाडी तुफान खपली. तंत्रज्ञान नेहमी पुढेच जातं असं मानणाऱ्यांनी ही गाडी लक्षात ठेवायला हवी. नाक्यावरच्या मेकॅनिकला जे उघडता येतं, ते भारतीय गिऱ्हाइकाला तेव्हा जास्त भरवशाचं वाटत होतं.

अखेर निर्णय बाजाराने केला नाही, धुराच्या नियमांनी केला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झालं. एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजून क्षणोक्षणी पेट्रोलचं प्रमाण बदलणं कार्बोरेटरला जमणारं नव्हतं. जवळजवळ सगळ्या नव्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. गॅरेजात आता स्कॅनर आले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या कुठे गेल्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर नवं पेट्रोल येऊन उभं राहिलं.

त्या पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून केलेलं इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण झालं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या साखर कारखान्यांना त्यातून हक्काचं उत्पन्न मिळालं, हे खरंच. जुन्या कार्बोरेटरची अडचण वेगळी आहे. शुद्ध पेट्रोलला एक भाग जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. पितळी जेटला ते ठाऊक नसतं, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरा दिसू लागतो, थंडीत चोक जास्त वेळ लागतो. मेन जेट आणि स्लो जेट एका नंबरने मोठा बसवला की बहुतेक गाड्या ताळ्यावर येतात.

दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी टाकी फार दिवस उभी राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरू शकतात, आणि तळाशीच रिझर्व्हचं तोंड असतं. जस्ताच्या मिश्रधातूच्या कार्बोरेटरमध्ये मग पांढरी, खडूसारखी भुकटी साचते. १९६०च्या दशकातल्या गंजाची जागा आता तिने घेतलीय. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग फुगून सैल पडतात ते वेगळंच. त्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं.

ज्यांच्या अंगणात अजून जुनी बुलेट, येझ्दी किंवा आरएक्स आहे, त्यांनी एवढं जरूर करावं. गाडी पंधरवड्याहून जास्त उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावं आणि ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढून टाकावं. आणि जेट साफ करायला मेकॅनिकने पोलादी तार हातात घेतली, तर त्याला थांबवावं. इलेक्ट्रिकच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. पितळ मऊ असतं; ०.३८ चं छिद्र एकदा घासून मोठं झालं की तो जेट कायमचा वाया गेलेला असतो.